थेरींचा स्वर आणि दोन ब्रिटिश विदुषी

गेल्या वर्षावासात आमच्या पालि वाचनवर्गात एक उपासक जुने इंग्रजी पुस्तक घेऊन आले. पुस्तकाचे नाव ‘शाक्य’, प्रकाशनवर्ष १९३१, लेखिका श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स. उपासकांचा स्वर नम्र होता, परंतु त्यात अस्वस्थता लपत नव्हती. ते म्हणाले, “भन्ते, ऱ्हिस डेव्हिड्स यांचे नाव आपण व्याख्यानांतून नेहमी घेतो. येथे तर त्या म्हणतात की, भगवंतांनी आत्मा नाकारलाच नव्हता. तो पुढच्या भिक्खूंनी नाकारला. मग आपण लोकांना काय सांगावयाचे?” वर्गात कोणी म्हणाले, भाषांतरात चूक असेल. कोणी म्हणाले, पाश्चात्त्यांना धम्म कळलाच नाही. आम्हांस ही दोन्ही उत्तरे पळवाटा वाटल्या. पुस्तक इंग्रजीतच लिहिलेले असल्यामुळे भाषांतराचा प्रश्न उद्भवत नाही. आणि ज्या बाईंनी अभिधम्माचा पहिला ग्रंथ इंग्रजीत आणला, त्यांना धम्म कळला नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

दोष आपल्याही सवयीत आहे. ‘ऱ्हिस डेव्हिड्स म्हणतात’ असे आपण लिहितो, तेव्हा पालि टेक्स्ट सोसायटीची १८८१ मध्ये स्थापना करणारे थॉमस विल्यम ऱ्हिस डेव्हिड्स अभिप्रेत आहेत की त्यांच्या पत्नी कॅरोलाइन, हे आपण सांगत नाही. पत्नी अभिप्रेत असतील, तर १९०० सालच्या की १९३१ सालच्या, हेही सांगत नाही. त्या दोन सालांतील लेखिका नावाने एक असली तरी मताने एक नाही. म्हणून या विदुषींचे आणि त्यांच्यामागून आलेल्या कु. आय. बी. हॉर्नर यांचे कार्य नीट तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. मेबल बोड यांनीही १८९३ मध्ये अग्रगण्य भिक्खुणींच्या अट्ठकथेतील चरित्रांवर इंग्रजीत लेखन केले होते, हे येथे कृतज्ञतेने नोंदवून पुढे जाऊ.

कॅरोलाइन फोली यांचा जन्म १८५७ चा, ससेक्समधील वॉडहर्स्ट येथला. वडील तेथील धर्मोपदेशक. लंडन विद्यापीठाने १८७८ पासून स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला होता, म्हणून त्यांना १८८६ मध्ये बी.ए. आणि १८८९ मध्ये तत्त्वज्ञानाची एम.ए. ही पदवी मिळू शकली. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय. दारिद्र्यनिवारण, बालकांचे हक्क आणि स्त्रियांचा मताधिकार या चळवळींत त्या वावरल्या होत्या. मानसशास्त्राची ही विद्यार्थिनी पालिकडे वळली आणि १८९४ मध्ये विवाह झाला. १९०० मध्ये ‘धम्मसंगणी’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी दाखवून दिले की, आत्म्याचा आधार न घेता चित्ताचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणारी परंपरा भारतात होऊन गेली. आपले वक्ते ज्या ऱ्हिस डेव्हिड्सबाईंना उद्धृत करतात, त्या या.

१९०९ मध्ये त्यांनी ‘थेरीगाथा’ इंग्रजीत आणली आणि तिला ‘साम्स ऑफ द सिस्टर्स’ असे नाव दिले. आमचा पहिला आक्षेप या नावावरच आहे. ‘साम’ हा ख्रिस्ती उपासनेतील शब्द. ती स्तोत्रे ईश्वराला उद्देशून असतात. त्यांत याचना असते, शरणागती असते. थेरी कोणाची करुणा भाकीत नाहीत. त्या आपल्या मुक्तीची ग्वाही देतात, आणि ती मुक्ती कोणा देवाने दिलेली नसून आपण मिळवली आहे असे स्पष्ट सांगतात. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या अनुवादिकेने वाचकांच्या ओळखीचा शब्द निवडला, हे समजण्यासारखे आहे. पण त्या शब्दाबरोबर अनुवादाची सारी भाषाही जुन्या बायबलच्या वळणाची झाली. मूळ पालि गाथा बोलीच्या जवळच्या, थोडक्या शब्दांत वार करणाऱ्या आहेत. इंग्रजी वेषात त्या भरजरी झाल्या. पुढे १९७१ मध्ये के. आर. नॉर्मन यांनी काटेकोर गद्य अनुवाद केला. अभ्यासकाने शब्दार्थासाठी तोच पाहावा.

असे असूनही १९०९ च्या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. एक तर, अनुवादिकेने धम्मपालाच्या अट्ठकथेतील कथा प्रत्येक गीतापाशी ठेवल्या. त्यामुळे गाणारी कोण, कोणत्या घरातून आली, काय सोसून आली, हे इंग्रजी वाचकाला प्रथमच दिसले. किसा गोतमीच्या मेलेल्या मुलाची कथा अशीच अट्ठकथेतून येते. दुसरे असे की, मताधिकाराच्या चळवळीत वावरलेल्या या बाईंच्या नजरेने एक गोष्ट अचूक टिपली. थेर आणि थेरी दोघेही निब्बाणाचेच वर्णन करतात; पण थेरींच्या गाथांत मोकळे झाल्याचा, सुटल्याचा सूर तुलनेने अधिक आहे. त्यांनी गाथांची वर्गवारी करून हे मांडले. १९०९ मध्ये ब्रिटिश स्त्रीला पार्लमेंटसाठी मत नव्हते. ते तिला १९१८ मध्ये वयाच्या तिशीच्या अटीवर आणि १९२८ मध्ये पुरुषाच्या बरोबरीने मिळाले. स्वतः मताला मुकलेल्या अनुवादिकेच्या कानाने तो सूर पकडला, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आपल्या वाचकांनी या ग्रंथात प्रथम पुण्णेचे गीत शोधावे. अट्ठकथेप्रमाणे पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या माराच्या भयाने ती कडाक्याच्या थंडीतही नदीवर पाणी भरावयास जाते. तेथे एक ब्राह्मण थंडीने कुडकुडत बुड्या मारीत असतो. ती त्याला विचारते, तू कशाच्या भयाने हे करतोस? पाप धुण्यासाठी, असे तो सांगतो. त्यावर तिचा सवाल असा की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे आणि सुसरी सगळ्यांच्या आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि बुद्धाला शरण जातो. पाणी भरणाऱ्या दासीने पाण्याच्या पावित्र्याचा निकाल लावावा, याचा अर्थ आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी या गीतातील तर्काची धार कोठेही बोथट होऊ दिलेली नाही.

आता ‘शाक्य’कडे वळू. १९१७ च्या ऑक्टोबरात त्यांचा वीस वर्षांचा मुलगा आर्थर पहिल्या महायुद्धात विमानातून लढताना मारला गेला. १९२२ च्या डिसेंबरात पती निवर्तले. १९२३ पासून १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या अध्यक्षा होत्या आणि याच काळात त्यांचे मत पालटत गेले. परलोकविद्येकडे त्यांचा ओढा वाढला. ‘गोतम द मॅन’ हे पुस्तक १९२८ मध्ये आणि ‘शाक्य’ १९३१ मध्ये आले. गोतमाची मूळ शिकवण माणसाच्या उत्तरोत्तर वाढीची होती; अनात्मवाद आणि जगाविषयीचे वैराग्य हा मठवासी भिक्खूंचा पुढचा उद्योग होय, असे त्या मांडू लागल्या.

पुत्रशोकाने बाईंची बुद्धी ढळली, असे म्हणून हा प्रश्न मिटवणारे अनेक आहेत. आम्हांस ते मान्य नाही. एखाद्या पुरुष पंडिताने मत बदलले, तर आपण त्याचे पुरावे तपासतो. स्त्रीने बदलले की तिचे अश्रू तपासतो. शोकाचा आणि मतांतराचा संबंध असेलही. परंतु मत खोडावयाचे तर ते ग्रंथाच्या आधारेच खोडले पाहिजे.

त्यांचा आवडता पुरावा महावग्गातला आहे. भद्दवग्गीय नावाचे तीस तरुण वनात एका पळून गेलेल्या गणिकेला शोधत असतात. भगवंत त्यांना विचारतात की, स्त्रीला शोधणे बरे की ‘अत्ता’ला शोधणे बरे? येथे श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स ‘आत्म्याचा शोध’ वाचतात. मराठी माणसाला या अर्थाची अडचण चटकन दिसावी. आपला ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासूनच प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. ‘आपण उद्या जाऊ’ असे म्हणताना कोणाच्या मनात अजरामर आत्मा असतो काय? पालितील ‘अत्ता’ हाही असाच स्वतःचा निर्देश करणारा रोजच्या वापराचा शब्द आहे. दुसऱ्याच्या मागे काय धावता, स्वतःकडे पाहा, इतकाच त्या प्रश्नाचा सरळ अर्थ. उपनिषदांतील आत्मा त्यात घालावयाचा तर तो बाहेरून आणावा लागतो.

यापेक्षा मोठी अडचण त्यांनी स्वतःच निर्माण करून ठेवली आहे. संयुत्तनिकायात भिक्खुणीसंयुत्त नावाचा एक लहानसा भाग आहे. त्यात मार एकेका भिक्खुणीला गाठतो आणि तिला डिवचतो. सोमेला तो म्हणतो की, ऋषींना जे स्थान मिळते ते दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कोठून मिळणार? सोमा उत्तर देते की, चित्त समाहित झाले आणि ज्ञान उगवले की स्त्रीपणाचा प्रश्नच उरत नाही. मग तो वजिरेकडे येतो आणि विचारतो, हा सत्त्व कोणी घडवला, याचा कर्ता कोठे आहे? वजिरा त्याला सांगते की, तू ज्याला सत्त्व समजतोस तो येथे सापडत नाही, हा केवळ संस्कारांचा पुंज आहे. भाग जुळले म्हणजे आपण रथ म्हणतो. तसे खंध असले म्हणजे सत्त्व म्हणण्याचा व्यवहार आहे. मिलिंद राजापुढे नागसेनाने रथाचा दृष्टान्त दिला, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. पण नागसेन तेथे वजिरेच्या गाथेचाच हवाला देतो, हे फार थोडे लोक सांगतात.

संयुत्तनिकायाच्या या पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद कोणी केला? श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनीच, १९१७ साली. म्हणजे आर्थर गेला त्याच वर्षी. आणि उत्तरायुष्यात ज्या ‘माणसा’ला त्या देह-मनाचा खरा स्वामी म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आणतात, त्यालाच वजिरा नाकारते. त्रिपिटकातील अनात्मवादाचे हे अत्यंत स्वच्छ विधान एका स्त्रीच्या मुखी आहे. अनात्म ही पुरुष भिक्खूंची कारागिरी मानली, तर या गाथेचे काय करावयाचे? सत्त्व निराळा आणि अत्ता निराळा, असा बचाव कोणी करील. परंतु व्यक्ती परमार्थाने आहे की नाही हा ‘कथावत्थु’तील पहिलाच वाद; तो ग्रंथही श्वे झान आँग यांच्या सहकार्याने त्यांनी १९१५ मध्ये इंग्रजीत आणला होता, तेव्हा हा बचाव त्यांना शोभला नसता. वजिरेची गाथाही भिक्खूंनीच रचून तिच्या तोंडी घातली असे म्हणावे, तर मग थेरीगाथेतील कोणता शब्द थेरींचा म्हणावयाचा? आवडला तो गोतमाचा आणि नावडला तो भिक्खूंचा, अशी ती कसोटी होते.

येथे प्रामाणिकपणे थांबून एक प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे, कारण प्रतिपक्ष तो विचारणारच. बाबासाहेबांनीही त्रिपिटकातील काही भाग पुढचा म्हणून बाजूला ठेवला. स्त्रीच्या अधःपतनाला बुद्ध जबाबदार आहे असा आरोप एका इंग्रजी साप्ताहिकात झाला, तेव्हा १९५१ मध्ये ‘महाबोधि’ मासिकातील लेखात त्यांनी त्याला उत्तर दिले. महापरिनिब्बान सुत्तात स्त्रियांशी कसे वागावे असे आनंद विचारतो आणि त्यांच्याकडे पाहू नये असे उत्तर येते. तो उतारा त्यांनी प्रक्षिप्त ठरवला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयीही त्यांनी शंका उपस्थित केली. मग बाबासाहेबांची पद्धत आणि श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांची पद्धत यांत भेद काय?

आमच्या मते भेद आहे. बाबासाहेबांनी कसोटी आधी जाहीर केली: जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत आहे, जे माणसाच्या हिताशी निगडित आहे, ते बुद्धवचन मानण्यास योग्य. ही कसोटी वाचकाच्या हातात आहे; तो ती बाबासाहेबांच्या निष्कर्षांनाही लावू शकतो. आनंदाच्या उताऱ्याबाबत त्यांचा युक्तिवादही ग्रंथान्तर्गत विसंगतीवर उभा आहे. महाप्रजापतीसाठी रदबदली करणारा, स्त्रियांना धम्म सांगणारा आनंद असा प्रश्न विचारीलच कसा? उलट श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या उत्तरकालीन लेखनात निष्कर्ष आधी असतो आणि कसोटी त्याच्या मागून चालते. तरीही चार आर्यसत्यांचा मुद्दा एवढ्याने संपत नाही, हे आम्ही मान्य करतो. त्यावर स्वतंत्र लेखाची आवश्यकता आहे आणि तो आपल्यापैकी कोणीतरी पालि मूळ समोर ठेवून लिहिला पाहिजे.

आता कु. हॉर्नर. आयझालिन ब्ल्यू हॉर्नर यांचा जन्म १८९६ चा. वयाच्या बाराव्या वर्षी आजीमुळे ऱ्हिस डेव्हिड्स दांपत्याशी त्यांची भेट झाली. १९१४ ते १९१७ त्या केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात शिकल्या आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्या; पण केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हते. १९२१ मध्ये हा प्रश्न मताला आला आणि स्त्रिया हरल्या. त्या जल्लोषात पुरुष विद्यार्थ्यांनी न्यूनमच्या प्रवेशद्वाराची मोडतोड केली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. तोपर्यंत कु. हॉर्नर यांच्या विनयपिटकाच्या अनुवादाचे तीन खंड छापून झाले होते. शंभर वर्षांच्या उपसंपदेच्या भिक्खुणीने त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूला वंदन करावे, हा पहिला गरुधम्म. चुल्लवग्गाचे भाषांतर करताना केंब्रिजच्या या विदुषीला त्याची ओळख पुस्तकातूनच करून घ्यावी लागली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१९३० चा त्यांचा ग्रंथ ‘विमेन अंडर प्रिमिटिव्ह बुद्धिझम’ आजही वाचावा असा आहे. नावातील ‘प्रिमिटिव्ह’चा अर्थ ‘रानटी’ किंवा ‘मागासलेला’ असा नसून ‘आद्य’ असा आहे. मराठी लेखांत तो ‘आदिम’ झालेला पाहून आम्हांस खेद होतो. पहिल्या भागात माता, कन्या, पत्नी, विधवा आणि श्रमजीवी स्त्री अशी प्रकरणे आहेत. दुसऱ्या भागात भिक्खुणीसंघ. मुलीच्या जन्माचे दुःख, विधवेचे हाल यांत बौद्ध समाजात काय पालटले, ते त्या उताऱ्यांच्या आधारे दाखवतात. स्त्रीसंबंधीची कठोर वचने वाचताना, ही संहिता भिक्खूंनी जपली आणि संपादिली, हे विसरू नका असे त्या बजावतात. शंका घेण्याची वृत्ती गुरूकडून आली. पण येथे ती बेताने, प्रत्येक ठिकाणी वेगळे कारण देत चालते. त्यांच्या मांडणीत आम्हांस एक उणीव जाणवते. स्त्रीच्या नात्यांना आणि श्रमाला प्रकरणे मिळाली, वर्णाला मिळाले नाही. पुण्णेची गाथा स्त्री म्हणूनही वाचता येते आणि दासी म्हणूनही. दुसरे वाचन केंब्रिजहून सहज दिसणारे नव्हते. ते आपले काम आहे.

गुरूच्या उत्तरकालीन मतांचा प्रभाव त्यांच्यावर काही काळ होता. अर्हताविषयीचा १९३६ चा त्यांचा ग्रंथ तो लपवीत नाही. आत्मवादी अंगाने बुद्ध वाचणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांच्यासमवेत त्यांनी संकलित केलेले बुद्धवचनांचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. मात्र अनुवादाला बसल्या की त्यांची लेखणी मताला बाजूला ठेवते. १९३८ ते १९६६ अशी अठ्ठावीस वर्षे विनयपिटकाचे सहा खंड, मध्ये १९५४ ते १९५९ मज्झिमनिकायाचे तीन खंड, नंतर मिलिंदपञ्ह: यांत पालि जे म्हणते तेच इंग्रजी म्हणते. भाषा रुक्ष आहे, पुनरुक्ती तशीच ठेवलेली आहे, तळटीपा दाट आहेत. कंटाळलेल्या वाचकाशी आमची सहानुभूती आहे. एके ठिकाणी मात्र त्या डगमगल्या. विनयाच्या पहिल्या खंडातील मैथुनविषयक काही उतारे त्यांनी भाषांतरित न करता मूळ पालित परिशिष्टात टाकले. १९३८ च्या शिष्टाचाराला ते धरून असेल. पण ज्या संघाने हे नियम न लाजता पाठ केले, त्याच्या संहितेवर हा उसना संकोच लादला गेला. पुढे सोसायटीच्या नव्या आवृत्तीत ही त्रुटी भरून काढण्यात आली. १९५९ पासून १९८१ मध्ये निधन होईपर्यंत त्या सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. म्हणजे १९२३ नंतरच्या सुमारे साठ वर्षांपैकी चाळिसांहून अधिक वर्षे ही संस्था या दोन स्त्रियांच्या हाती होती.

त्या उपासकांना आम्ही ‘शाक्य’ परत केले, आणि त्यासोबत संयुत्ताच्या १९१७ च्या अनुवादाचा पहिला खंड दिला. पंधरा दिवसांनी ते आले. वजिरेच्या गाथेपाशी त्यांनी कागदाची खूण ठेवली होती. “भन्ते,” ते म्हणाले, “दोन्ही पुस्तकांवर नाव एकच आहे. मी दोनदा पाहिले.” पुढच्या पौर्णिमेला वर्गात भिक्खुणीसंयुत्ताची दहाही सुत्ते देवनागरी पालितून वाचावयाचे ठरले आहे, वजिरा त्यांतली शेवटची.